दुसऱ्या रांगेतला श्वास

१

आवाज परत आणायला दुकानात जावं लागतं, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्याआधी स्वरयंत्रावरची मोहरीएवढी गाठ काढून झाली होती आणि महिनाभर तोंडाला कुलूप लावून झालं होतं. त्या महिन्यात घरच्यांनी मनमुराद बोलून घेतलं. मग थेरपिस्ट बाईंनी रोज चाळीस मिनिटं गायची परवानगी दिली. अट एकच, जोर लावायचा नाही.

"घरी सरावाला एक छोटा अ‍ॅम्प घ्या," त्या म्हणाल्या. "एक माईक, एक स्पीकर, बाकी तामझाम नको. तुम्ही हळू गा, मोठं करायचं काम त्याच्यावर सोपवा. आणि हे बघा." त्यांनी माझी दोन बोटं धरून माझ्याच गळ्यावर ठेवली. "म्हणा 'आ'. बोटांना थरथर लागतेय ना? आवाज कुठूनही ऐकू येऊ दे, तो इथून निघालाय का हे बोटांना विचारायचं. कानांना विचारू नका. गायकांचे कान फार लाडावलेले असतात."

रोजचा सराव वहीत लिहायचा, असंही त्यांनी बजावलं. ती वही हीच.

मला घाई होती. अठरा वर्षं मी आमच्या गायकवृंदात दुसऱ्या रांगेत उभी राहतेय. दुपारी दातांच्या दवाखान्यात बसून मी "नंबर सात, आत या" असं ओरडते, घरी "अरे, टॉवेल उचल" असं ओरडते. गाणं तेवढं माझं स्वतःचं आहे. दर दोन वर्षांनी आमची सगळ्यांची नव्यानं परीक्षा होते आणि ती सहा आठवड्यांवर आली होती. नापास झालं की जागा गेली, मग अठरा वर्षं असोत की ऐंशी.

दुसऱ्या रांगेचे काही धंदे असतात, ते इथे कबूल करून टाकते. माझ्या डाव्या हाताला एक उंच बाई उभी असायची, तिला आम्ही जिराफ म्हणायचो. ओळ कुठे उचलायची हे मी कधी मोजलं नाही. जिराफनं श्वास घेतला की मी घ्यायचा, बास. आणि वरचा सूर आज लागेल की नाही अशी शंका आली, तर नुसतं तोंड हलवायचं. तेवढा एक सूर शेजारीण ओढून नेते, पुढच्या सुराला आपण परत गाडीत चढतो. सगळेच करतात. बोलत कुणी नाही.

जिराफ गेल्या वर्षी लेकीकडे राहायला गेली. जाताना मला म्हणाली, "आता जरा स्वतःच्या श्वासावर गायला शीक."

२

दुकानदाराला सर्दी झाली होती. त्यानं तीन अ‍ॅम्प काढून काउंटरवर मांडले आणि माईक माझ्या हातात दिला.

पहिला काळा, चौकोनी, ठोकळा. त्यातून माझा आवाज आला तो जसाच्या तसा. कडा खरखरीत, वर जाताना चिरकलेला. कुणीतरी माझी तक्रार वाचून दाखवतंय असं वाटलं. दुसरा जरा वाढवला की शिट्टी मारायचा. तिसरा करडा होता, पुढे जाळीऐवजी कापड ताणलेलं, पावाच्या डब्याएवढा. त्यात मी दोन ओळी गायले आणि गप्प झाले.

आवाज माझाच होता, पण गाठ होण्याआधीचा. खरं सांगायचं तर तेव्हाही तो एवढा चांगला नव्हता.

"बाई, एक सांगू का?" दुकानदार नाक पुसत म्हणाला. "कार्यक्रमाला न्यायचा असेल तर हा घ्या. सरावाला हा नको. सरावाला खरं बोलणारा लागतो. हा गोड बोलतो."

"अठरा वर्षं गातेय मी," मी म्हटलं. "मला कळतं."

"हो, हो. कळतच असणार." त्यानं खोका बांधायला घेतला. "पंधरा दिवसांत परत आणलात तरी माझी ना नाही."

सगळे गायक दुकानात हीच चूक करतात, हे नंतर कळलं. आपल्याला ऐकायला बरं वाटतं ते उचलतात. महिनाभर मुकी राहिलेल्या बाईला कुणीतरी गोड बोललं, आणि मी त्याला घरी घेऊन आले.

३

घरात जागा एकच होती, इस्त्रीची खोली. खोली कसली, कोनाडाच. एक खिडकी, इस्त्रीचं टेबल, घड्या घालायच्या कपड्यांचा ढीग. टेबलावर अ‍ॅम्प ठेवला, त्याच्यासमोर माईकचा स्टँड. वेळ अकराची. नवरा आठला कामावर जातो, तो लिफ्ट दुरुस्त करतो. टिल्लीची, म्हणजे आमच्या लेकीची, शाळेची बस नऊला. साडेदहाच्या सुमाराला मी भाजी आणायला उतरते आणि अकराच्या ठोक्याला परत येते.

पहिला आठवडा मजेत गेला. मी पुटपुटल्यासारखं गायचे आणि खोली भरून जायची. परीक्षेच्या चार ओळी ठरलेल्या आहेत आणि चौथ्या ओळीत वरचा सूर आहे. तो लागत होता. रोज लागत होता! मी वहीत लिहिलं, 'वरचा सूर स्वच्छ. ताण नाही.' बोटं गळ्याला लावायचं राहून जात होतं, कारण एक हात माईकच्या स्टँडवर असायचा आणि दुसऱ्या हाताला मी लगेच काहीतरी काम लावायचे.

टिल्लीला मात्र अ‍ॅम्प आवडला नाही. ऑपरेशननंतर माझा आवाज जाडाभरडा झाला होता, आणि ती कार्टी त्याच्यावर खूश होती. मला 'करवतआई' म्हणायची. "करवतआई, गोष्ट सांग ना," असं म्हणून ती गळ्याला कान लावून बसायची.

"यातून येतो तो आवाज तुझा नाहीये," ती म्हणाली.

"माझाच आहे गं. इस्त्री केलेला."

ती हसली नाही. माझा विनोद फुकट गेला की मला राग येतो, म्हणून मी तिला अभ्यासाला बसवलं.

त्याच आठवड्यात जिन्यात वरचे काका भेटले. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, अजूनही खिडकीत बसून करतात. "छान चाललंय हो गाणं," ते म्हणाले. "साडेदहाला तुमचं सुरू झालं की मी भिंग खाली ठेवतो."

"अकराला, काका."

"साडेदहाला," काका म्हणाले. वेळेच्या बाबतीत त्यांच्याशी कोण वाद घालणार? मी हसून खाली उतरले. हातातली पिशवी रिकामी होती आणि घड्याळात साडेदहाला पाच कमी होते.

४

दहाव्या दिवशी थेरपिस्ट बाईंना पाठवायला मी फोनवर सराव टेप केला. पाठवण्याआधी ऐकू म्हटलं.

दर ओळीआधी दोन श्वास होते.

मी खुर्ची ओढून बसले. अ‍ॅम्पमध्ये एकोचं बटण असतं, त्यानं आवाज दोनदा येतो, एवढं मलाही कळतं. पण एको मागून येतो आणि आधीच्यापेक्षा दबका असतो. इथे पहिला श्वास ठसठशीत होता आणि दुसरा दबका. शिवाय मला लहानपणापासून श्वास घेताना नाकात बारीक शिट्टी वाजते. आई त्यावरून चिडवायची. शिट्टी दुसऱ्या श्वासात होती. पहिल्यात नव्हती.

म्हणजे दुसरा श्वास माझा.

मी चार वेळा ऐकलं. पहिला श्वास, मग माझा, मग गाणं. दहा दिवस मी कुणाच्या तरी श्वासावर ओळ उचलत होते आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. वाटणार कसं? अठरा वर्षं दुसरं काय केलं होतं मी?

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मी चटकन जिराफला फोन लावला. का ते विचारू नका. ती धडधाकट होती, नातवाच्या पाठीमागे धावत होती, आणि माझा आवाज ऐकून म्हणाली, "अगंबाई, किती घसा बसलाय तुझा!"

टेप मी पाठवला नाही. पुसून टाकला.

५

रविवारी नवऱ्याला खोलीत बसवलं. तो दिवसभर लिफ्टच्या मोटारी कान देऊन ऐकतो. कुठे काय घासतंय हे त्याला दोन मजल्यांवरून कळतं. त्यानं आधी अ‍ॅम्प उलटा करून पाहिला, वायर ओढून पाहिली, एकोचं बटण शून्यावर आणलं.

"काही नाही यात. गा तू."

मी गायले. तिसऱ्या ओळीत घशात काहीतरी अडकलं, मी माईक बाजूला करून खोकले, पाणी प्यायले, आणि चौथ्या ओळीला परत सुरुवात केली. संपल्यावर नवरा मान हलवत होता.

"झकास. परीक्षा खिशात आहे तुझ्या."

"मध्ये घोटाळा झाला ना पण."

"कुठे?"

"अरे, खोकले नाही का मी? तिसऱ्या ओळीत. अर्धी ओळ गेली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "खोकलीस ते दिसलं की. पण ओळ कुठे तुटली? सलग तर होतं."

"मी थांबले होते."

"मग रेंगाळला असेल आवाज. एको."

"एको शून्यावर आहे. तूच केलास."

तो उठला, परत बटण पाहिलं, परत बसला. समजत नसेल तर तो कबूल करत नाही, नखं खातो. त्यानं नखं खाल्ली. मग म्हणाला, "परीक्षेचं टेन्शन घेतलंयस तू. मी चहा टाकतो."

तो गेल्यावर मी अ‍ॅम्प बंद केला, प्लग काढला आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागले. टॉवेल, टिल्लीचा फ्रॉक, उशीचा अभ्रा. डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं, म्हणून मान वळवली.

अ‍ॅम्पचं पुढचं कापड फुगत होतं. सावकाश बाहेर आलं, थांबलं, आणि सावकाश आत गेलं.

खिडकी उघडी होती. वारा असेल. मी खिडकी बंद केली आणि पाठ न फिरवता खोलीबाहेर आले.

६

चौदाव्या दिवशी खोका परत बांधला. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. काउंटरवर खोका ठेवताना मी दुकानदाराकडे बघायचं टाळलं.

"काय झालं?"

"तुम्ही म्हणालात ते खरं होतं. फार गोड आहे."

जिंकल्याचा आनंद त्याला लपवता आला नाही. त्यानं अ‍ॅम्प जोडला, माईकवर टकटक केली आणि म्हणाला, "हॅलो, हॅलो, चेक." सर्दी अजून होतीच. अ‍ॅम्पमधून तेच चोंदलेलं हॅलो बाहेर आलं, जराही न सजवता.

त्याच्या कपाळाला आठी पडली. बटणं फिरवून त्यानं पुन्हा हॅलो केलं. पुन्हा तेच.

"कमाल आहे," तो म्हणाला. "हा तर आता खरं बोलतोय. गोडवा गेला कुठे याचा?"

मला आमचं घर आठवलं, बंद दार, आत कुणी नाही.

"तुम्ही काही उघडलं होतं का यातलं?"

"नाही," मी म्हटलं. "तो पहिला काळा ठोकळा द्या मला."

७

ठोकळ्यानं माझी लाज काढली. पण माझीच काढली, याचं मला बरं वाटलं. मी रोज दोन बोटं गळ्याला लावून गायचे. बोटांना थरथर लागायची. आवाज खरखरीत होता, वरच्या सुराला फाटत होता, आणि श्वास एकच होता, शिट्टीवाला. टिल्ली सुट्टीच्या दिवशी दारात बसून ऐकायची आणि ओळ फाटली की टाळ्या वाजवायची. वहीत मी खरं लिहायला लागले. 'वरचा सूर फाटला.' 'फाटला.' 'आज अर्धा लागला.'

तीन आठवडे असे गेले. सूर दहात चार वेळा लागायला लागला. एवढ्यावर परीक्षा पास होत नाही, पण नापास होणारच असंही नाही.

मग काका भेटले. जिन्यात, त्यांच्या चष्म्याच्या वर भिंग अडकवलेलं तसंच होतं.

"साडेदहाचं गाणं हल्ली काय सुंदर होतं हो," ते म्हणाले. "हात थांबतो माझा." मग आवाज जरा खाली आणून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, "पण अकराला कोण गातं? शिकवणी घेता वाटतं तुम्ही?"

मला काकांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसंही वाटलं. "हो," मी म्हटलं. "नवीन आहे ती. शिकेल हळूहळू."

८

दुसऱ्या दिवशी भाजीला निघाले ती पहिल्या वळणावरूनच परत फिरले. चपला हातात घेऊन जिना चढले. स्वतःच्या घरी चोरासारखी! दारापाशी उभी राहिले. घड्याळात दहा बत्तीस.

आत गाणं चालू होतं.

ते माझंच होतं, त्यात संशय नाही. 'र' उच्चारताना माझी जीभ जरा जास्त वळते, तीही तशीच वळत होती. चार ओळी, एकामागून एक. वरचा सूर आला, लागला, आणि तिथे थांबून राहिला. असं थांबणं मला कधी जमलं नाही. मी दाराला कपाळ टेकून ऐकत राहिले. सांगायला लाज वाटते, पण भीतीच्या आधी मला हेवा वाटला.

किल्ली फिरवली. गाणं परत पहिल्यापासून सुरू झालं होतं, ते तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तुटलं.

इस्त्रीच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. ठोकळ्याचा प्लग काढलेला, मीच काढून ठेवते. पाठीला हात लावला, गार. खिडकी बंद. टेबलावर टिल्लीचा फ्रॉक अर्ध्या घडीत पडला होता, तो मीच तसा टाकला असेल. मी सगळं तर्कानं लावून पाहत होते. खालच्या मजल्यावर कुणी रेडिओ लावला असेल. माझं टेप केलेलं कुणाकडे तरी असेल. ऑपरेशनच्या गुंगीचं औषध डोक्यात काही करून गेलं असेल.

मग मी माईकला हात लावला. त्याच्यावरचं स्पंजचं टोपरं ओलं होतं आणि कोमट लागत होतं. चाळीस मिनिटं गायल्यावर होतं तसंच.

नवऱ्याला सांगितलं नाही. तो नखं खाऊन खाऊन बोटं संपवेल. परीक्षा आठ दिवसांवर होती.

९

आमची परीक्षा पडद्यामागून होते. आमच्या सरांना कोण गातंय ते कळता कामा नये, म्हणून हॉलच्या मध्ये जाड निळा पडदा लावतात. पलीकडे सर आणि दोन परीक्षक. अलीकडे गाणारा, एकटा. चालण्यावरूनही ओळख पटू नये म्हणून चपला बाहेर काढायच्या. बोलायचं नाही, खाकरायचं नाही. नुसता नंबर. नंबर पुकारायला दाराशी ऑफिसातली बाई असते, ती आत येत नाही.

मी अकरा नंबर.

ठरवून आले होते. आपल्या गळ्यानं गायचं, बोटं लावून. लागला सूर तर लागला. फाटला तर घरी जाऊन रडायचं, टिल्लीला गोष्ट सांगायची आणि दोन वर्षांनी परत यायचं. इतकं साधं होतं ते.

पायाखाली गालिचा होता. मी बोटं गळ्याला लावली, श्वास घेतला आणि पहिली ओळ उचलली. थरथर लागली. आवाज जाड होता पण सुरात होता. दुसरी ओळ. डाव्या खांद्याकडे मी मुद्दाम बघत नव्हते. तिसरी ओळही निघाली, खोकला आला नाही, पलीकडे कागदावर पेन चालल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, जमतंय की!

चौथ्या ओळीआधी डाव्या हाताला कुणीतरी श्वास घेतला. त्यात शिट्टी नव्हती.

पडद्याचं कापड माझ्या शेजारी आत ओढलं गेलं. एवढंच पाहिलं मी. माझ्या तोंडाच्या उंचीवर, वाटीएवढ्या जागेत, सावकाश आत, आणि तिथेच थांबलं. वाट पाहत होतं.

वरचा सूर तीन शब्दांवर आला होता. दहात चार वेळा. मला दवाखान्यातली खुर्ची दिसली, "नंबर सात, आत या" दिसलं, पुढची दोन वर्षं दिसली. विचार करायला वेळ नव्हता असं मी म्हणू शकते, पण वेळ होता. मी तोंड हलवलं. फक्त तेवढा एक सूर. अठरा वर्षं जसं केलं तसंच.

सूर लागला. हॉलभर पसरला आणि थांबून राहिला. पलीकडे पेन थांबलं.

पुढच्या शब्दाला मी परत चढायला गेले. तोंड उघडं, पोटातून हवा निघाली, ओळ चाललेली. बोटांना काही लागत नव्हतं. मी बोटं रुतवली. ओळ छान संपली. माझा गळा हातात धरलेल्या कापडासारखा गप्प होता.

"सुंदर," पलीकडून सर म्हणाले. नियम मोडून.

दाराशी ऑफिसातली बाई हसत उभी होती. तिला काहीतरी सांगावं म्हणून मी ओठ उघडले, नुसती हवा निघाली.

"अहो, आभार कसले!" ती म्हणाली. "गाण्याचं काम तुम्ही केलंत."

१०

घरी पोचेपर्यंत फोनवर निरोप आला होता. पास. आणि पहिल्या रांगेत.

थेरपिस्ट बाईंना मी फोन लावला नाही. कोण बोललं असतं? स्वयंपाकघरात नळ सोडून, भांडी वाजवून, आरशासमोर उभी राहून मी प्रयत्न केला. हवा निघते. फुंकर बसते. बाकी काही नाही. म्हणून हे वहीत लिहितेय.

चारला टिल्ली आली. दारातच बूट भिरकावत ओरडली, "आई, झाली का परीक्षा?"

मी ओट्याशी होते. तोंड उघडलं.

"झाली गं! पास!" इस्त्रीच्या खोलीतून उत्तर गेलं. माझ्याआधी. नेहमीसारखंच माझ्याआधी.

टिल्ली धावत सुटली. स्वयंपाकघराच्या दारासमोरून गेली, माझ्यापासून दोन हातांवरून, आणि त्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन थांबली. आत पाहत उभी राहिली. मला इथून तिची पाठ दिसत होती, दप्तर, एक सुटलेली वेणी. मग मान तिरकी करून तिनं हळूच विचारलं, "आई, तुझी करवत कुठे गेली?"

आतून कुणीतरी लाडानं हसलं, आणि इस्त्रीच्या टेबलापाशी जागा करून दिल्याचा, कपडे सरकवल्याचा आवाज झाला.

टिल्लीनं एक पाऊल आत टाकलं. मी धावले, पण पाय ओल्या फरशीवर घसरले. ओट्याला धरून मी तिला हाक मारली, पूर्ण नावानं, रागावल्यावर मारते तशी. दोन बोटं गळ्यात रुतवून परत मारली, आणि परत मारली.

तिनं वळून पाहिलं नाही. मी तोंड हलवत राहिले.